पायमशीन कोणाचं

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
२२ ऑगस्ट १९९६

पराग,

परवा संध्याकाळी कोर्टाचा बेलीफ तुझ्या गोडदेवच्या घरी जप्ती घेऊन आला, आणि घरातली एकूण एक वस्तू तुझी आहे असं तुझ्या बायकोने त्याला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. म्हणून हे पत्र. सहा वर्षं लिहिलं नव्हतं, आणखी सहा लिहिलं नसतं.

तुझा वापीचा पत्ता दिपेशकडून घेतला. तुझ्या गाळ्यावर पॉलिशला होता तो. आधी म्हणाला, 'मला काय म्हाईत न्हाय.' मी त्याच्या दारात स्टूल मागून बसले, तेव्हा दिला. त्याला बोलू नकोस.

स्टीलचा पत्रा उधारीवर उचललास, भांडी केलीस, विकलीस, पैसे कुठे गेले ते तू जाणे. पत्रा देणाऱ्या शेठने दावा लावला तेव्हा एकाही तारखेला ठाण्याला गेला नाहीस. निकाल तुझ्याशिवाय लागला. मग जूनमध्ये 'आठ दिवसांत येतो' सांगून निघालास. या सगळ्याबद्दल मला जे म्हणायचं आहे ते मी लिहिणार नाही, कारण एका पाकिटात मावणार नाही.

परवा साडेपाचच्या सुमाराला रुबीना रिक्षाने माझ्या इमारतीखाली आली. नया नगरात राहते, स्वप्नालीकडे कपडे शिवायला टाकते. मीही टाकते. ती काज नीट करते म्हणून. तुला कळवण्याचं कारण पडलं नव्हतं. रुबीनाने खालूनच हाक मारली, "आंटी, जल्दी चलो, स्वप्नाली के घर में कोर्टवाले बैठे हैं." मी गॅस बंद केला आणि निघाले.

बेलीफ तुझ्या खुर्चीत बसला होता. आत्माराम मोकल नाव, पेणकडचा. गुडघ्यावर पॅड, त्यावर कागद. शेजारी शेठचा माणूस ईश्वर उभा, तो बोटाने वस्तू दाखवत होता. आणि स्वयंपाकघराच्या दारात तुझी बायको, पदर खांद्यावरून पुढे घेऊन, जणू घरात पाहुणे आले आहेत.

"हे कपाट कोणाचं?"

"त्यांचं."

"टीव्ही?"

"त्यांचाच."

"पंखा?"

"त्यांनी आणला."

दोरीवर साड्या वाळत होत्या. मोकल कंटाळला असावा. त्याने पेनाने तिकडे दाखवलं. "आणि या?"

"त्यांच्याच," ती म्हणाली.

मग पायमशीन. मी दारातून ओरडले, "स्वप्नाली, नीट सांग." तिने माझ्याकडे पाहिलं, आणि हळू म्हणाली, "त्यांचंच आहे, वन्सं." त्याने लिहिलं. वर ईश्वरने मशीनच्या फळीवरची पितळी पट्टी दाखवली: पराग गजानन कर्णिक. लग्नात मशीन आईने दिलं सुनेला, आणि नाव घातलं मुलाचं, आपल्याकडे भांड्यांवर घालतात तसं.

तिच्या मते ती खोटं बोलली नाही. आईही असंच बोलायची. कोणी लोणच्याचं कौतुक केलं तर 'यांना आवडतं म्हणून घालते'. लोणचं घातलं आईने, फोडी तिने केल्या, नाव बाबांचं. पाहुण्यांसमोर ही रीत ठीक आहे. बेलिफासमोर तिची कबुली होते.

कपाट, टीव्ही, पंखा तुझेच आहेत. त्यासाठी मी भांडणार नाही, न्यायचे तर नेऊ देत. पण जूनपासून त्या घरातलं दूध, संजनाची शाळा, विजेचं बिल, सगळं त्या मशीनमधून आलं आहे. नवऱ्याच्या कर्जासाठी बायकोची वस्तू जप्त होत नाही. फोर्टातल्या वकिलांकडे तीस वर्षं टाइपरायटर बडवला, एवढं मला कळतं. मोकललाही कळतं. पण त्याने विचारलं तर तिने 'त्यांचं' सांगितलं, आता तो काय करणार?

मी वॉरंट मागितलं. त्याने दिलं. तारीख, शिक्का, सगळं बरोबर होतं. मला वाईट वाटलं.

तेवढ्यात ईश्वरने शिवायला आलेल्या कपड्यांच्या ढिगावर हात ठेवला. "ये भी लिखो."

रुबीना पुढे झाली. "ओ भाईसाब, हाथ हटाओ. ये सूट मेरा है. मेरा कपडा इसके मियाँ का कैसे हो गया? मैं तो इसके मियाँ को पहचानती भी नहीं."

मोकल हसला. कपडे त्याने लिहिले नाहीत.

टेम्पो गल्लीत चिखलात अडकला होता. तो कुठवर आला ते बघायला मोकल आणि ईश्वर बाहेर पडले. मी तुझी खुर्ची उचलून उंबऱ्यावर ठेवली आणि बसले. दोघं परत आले.

"बाई, बाजूला व्हा."

"सूर्य मावळला," मी म्हटलं. "सूर्यास्तानंतर राहत्या घरात शिरायचं नाही. तुम्हाला मी सांगायला नको."

"मी आधीच आत आलेलो."

"आला होतात. मग बाहेर गेलात."

त्याने वर पाहिलं. आभाळ गच्च भरलेलं. "मावळला कशावरून? दिसतोय कुठं?"

"कॅलेंडरात छापलंय. भिंतीवर आहे, तिथून वाचा."

त्याने तिथूनच वाचलं, मग मनगटाकडे पाहिलं. "माझं घड्याळ मागं हाय."

"मग पुढे करा."

ईश्वर वैतागला. "साब, एक औरत कुर्सी डालके बैठी है, हटाओ ना."

"तूच हटव," मोकल म्हणाला. "मी इथून बघतो."

ते गेले. मी रात्री तिथेच राहिले. परत जायला उशीर झाला असता म्हणून.

सकाळी सूर्य उगवल्या उगवल्या कडी वाजली. "मीपण कॅलेंडर बघूनच निघालो, बाई," मोकल म्हणाला. मी चहा टाकला होता. त्याने उभ्याने घेतला. म्हणाला, लोक कुत्री सोडतात, शिव्या देतात, मागच्या महिन्यात एका गाळ्यात त्याला आत ठेवून बाहेरून कुलूप लावलं. "कुलूप उघडल्यावर तेही जप्तीत लिहिलं मी." इतक्या वर्षांत कोणी चहा विचारला नव्हता, असंही म्हणाला. मी म्हटलं, चहा दिला म्हणून मशीन देणार नाही. तो म्हणाला, मागितलं कुठं?

टेम्पोतून कपाट, टीव्ही आणि पंखा गेले. मशीनबद्दल मी हरकतीचा अर्ज तिथेच लिहून दिला. हरकतीचा निकाल लागेपर्यंत जप्त वस्तू कोणा जबाबदार माणसाकडे सांभाळायला देता येते. तुझ्या शेजारचं कोणी पुढे आलं नाही. सुपुर्दनाम्यावर मी सही केली. मशीन आता माझ्या घरी आहे, कोर्टाचं सील लावून. त्याला काही झालं तर मी जबाबदार.

हरकतीची सुनावणी ११ सप्टेंबरला, ठाण्याला. लिलाव १३ला. हरकत फेटाळली तर मशीन जाईल.

तुझं कर्ज मी फेडणार नाही. एक पैसा नाही. मला तुझ्याकडून एवढंच हवं आहे: अकरा तारखेला ये, आणि मशीन तुझं नाही हे सांग. येत नसशील तर तसं लिहून, सही करून पाठव.

मृणालिनी

पाऊस फार आहे. तिकडे छत्री घेतलीस ना?


सिल्व्हर पार्क
३१ ऑगस्ट

पराग,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पोस्टमनने वाचलं असणार. खालच्या मजल्यावरच्या बाईंनीही वाचलं असावं, त्या जिन्यात माझ्याकडे पाहून हसल्या.

'ताई, मशीन जाऊ दे. मी आलो की तिला नवं घेऊन देईन. तू मध्ये पडू नकोस.'

मी मध्ये पडलेली नाही. मला मध्ये बसवलं आहे, खुर्चीसकट. आणि नवं तू घेऊन देशील, म्हणजे तेही तुझंच होणार. गिरगावातली खोली विकली तेव्हाही तू म्हणाला होतास, गाळा चालू लागला की ताईला मोठं घर घेऊन देईन. मी तेव्हाही मोठं घर मागितलं नव्हतं. तू बोलायचा थांबलास कारण माझा वाटा गाळ्यात घालायला मी नाही म्हटलं. असो.

मशीन माझ्या बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी आहे. स्वप्नाली रोज संजना शाळेत गेली की गोडदेवहून येते. पहिल्या दिवशी येऊन तिने मशीनवरचं कापड काढलं, स्टूल ओढलं आणि पाय खालच्या पायपट्टीवर ठेवले.

मी म्हटलं, "नाही."

"वन्सं, गौरींच्या आधी एवढे ब्लाउज द्यायचेत. कोण बघतंय?"

"मी बघते आहे. सील आहे. मी सही केली आहे."

"माझं मशीन..." असं काहीतरी ती पुटपुटली. मी म्हटलं, काय म्हणालीस? ती म्हणाली, काही नाही.

मला ते हवं होतं, तोंडातून निघालेलं. पण ओढून काढलं तर उपयोग नाही.

ती रडली नाही. चूल पेटवायला आली असावी तशी जमिनीवर बसली आणि हाताने टाके घालायला लागली. हुक, काज, दुमडपट्टी. संध्याकाळपर्यंत एक ब्लाउज. बोटं लाल झाली. मी तिला माझा अंगुस्ताना दिला, आईचा होता. सैल होतो तिला.

तिसऱ्या दिवशी रुबीना आली, तिने हे पाहिलं. "आंटी, आप बहुत सख्त हो."

"कानून सख्त है," मी म्हटलं.

"कानून तो कोर्ट में बैठा है. यहाँ तो आप बैठी हो."

 ती गेली, आणि तासाभराने रिक्षातून सासूचं हातमशीन घेऊन आली. माळ्यावर होतं, वर्षानुवर्षं. तेल देऊन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी आमच्या वरच्या मजल्यावरून आणखी एक आलं, तेही पडूनच होतं. प्रत्येक घरात असं एक मशीन असतं, वर कापड आणि त्यावर फुलदाणी. लग्नात आलेलं, पहिल्या मुलानंतर बंद झालेलं. मी मागायला गेले नव्हते. मी कोणाकडे काही मागत नाही हे तुला ठाऊक आहे. रुबीनाने मागितलं.

आता माझ्या बाहेरच्या खोलीत तीन मशीनं आहेत. दोन चालतात, एक सीलबंद. स्वप्नाली हाताने चाक फिरवते आणि पाय मात्र आपोआप हलत राहतात, पायमशीनची सवय. तेवढं बघवत नाही. म्हणून मी दुपारी बाहेर भाजी आणायला जाते.

पोस्टकार्ड पाठवू नकोस. पाकीट पाठव. मशीन तुझं नाही, एवढं एक वाक्य आणि सही.

मृणालिनी


सिल्व्हर पार्क
८ सप्टेंबर

पराग,

पाकीट आलं नाही.

आज रविवार, पोस्ट बंद, म्हणून हे पत्र दिपेशच्या मित्राकडून पाठवते आहे. तो उद्या वापीला येतो आहे, तुझ्या हातात देईल.

शुक्रवारी दुपारी माझ्याकडे फोन वाजला. मी हॅलो म्हटलं, कोणी बोललं नाही. मागे भोंगा ऐकू आला, शिफ्ट सुटल्यासारखा. मी ठेवला नाही. मग तिकडूनच ठेवला गेला. एसटीडीला पैसे पडतात. बोलायचं असेल तर बोल, नसेल तर कशाला फिरवतोस? फोन आला तेव्हा स्वप्नाली खोलीत होती. तिने विचारलं नाही. पण त्यानंतर एका बाहीला तिने दोनदा टीप घातली आणि दोनदा उसवली.

तुला अटकेची भीती आहे, हे दिपेशने सांगितलं. शेठ तुला तुरुंगात घालून पत्र्याचे पैसे वसूल करू शकत नाही, हे त्यालाही समजतं. त्याला हप्ते हवेत आणि समोर माणूस हवा. ईश्वर आठवड्यापूर्वी इथे आला होता, मशीन जागेवर आहे का ते बघायला. मी सील दाखवलं. त्याने दोन्ही बाजूंनी पाहिलं, वाकून खालूनही पाहिलं. मी म्हटलं, "टॉर्च देऊ?" तो ओशाळला. जाताना म्हणाला, "बहनजी, शेठ बुरा आदमी नहीं है. आपका भाई सामने आता तो बात यहाँ तक आती ही नहीं." मला हे ऐकायला लागलं ते तुझ्यामुळे.

आता सुनावणीबद्दल. कागद मी तयार केले आहेत. पण कागदाने भागणार नाही. कोर्ट तिला विचारेल, मशीन कोणाचं? पंचनाम्यात 'त्यांचं' लिहिलेलं आहे, तिच्याच तोंडचं. आज मी तिला समोर बसवलं आणि विचारलं.

"मशीन कोणाचं?"

"सासूबाईंनी दिलेलं."

"कोणाला?"

"आम्हाला."

"आम्हाला म्हणजे कोणाला?"

"वन्सं, तुम्ही असं काय विचारता? घरातलंच आहे ना ते?"

तिसऱ्यांदा विचारल्यावर ती चहा करायला उठून गेली. मी रागावणार होते. मग वाटलं, मी तरी कधी कोणाला असं विचारलं? मी लग्न केलं नाही, मला 'माझं' म्हणायला कोणाची अडचण झाली नाही. तिला म्हणायचं झालं की आधी तुझं नाव ओलांडून जावं लागतं. तू इथे असतास तर निदान तुला बाजूला हो म्हणता आलं असतं.

अकराला सकाळी आम्ही घोडबंदरवरून जाणाऱ्या एसटीने ठाण्याला जाऊ. तू परस्पर तिथे येऊ शकतोस. कोर्टाच्या दारात चहावाला आहे, तिथे उभा राहा. मी काही बोलणार नाही, असं वचन देते. निदान त्या दिवशी.

मृणालिनी


सिल्व्हर पार्क
१२ सप्टेंबर

पराग,

चहावाल्याकडे तू नव्हतास. मी दोनदा बघून आले. दुसऱ्यांदा चहा घ्यावाच लागला.

घडलं ते क्रमाने लिहिते.

स्वप्नाली, मी आणि रुबीना. रुबीनाला मी येऊ नकोस म्हटलं होतं. ती म्हणाली, "मेरा सूट गवाह है, मैं तो आऊँगी." आमचा पुकारा दुपारी झाला. शेठचा वकील तरुण होता, घाईत होता. त्याने पंचनामा वाचून दाखवला. अर्जदार बाईने स्वतः सांगितलं आहे की मशीन नवऱ्याचं. मशीनवर नाव नवऱ्याचं. आता हरकत म्हणजे नंतर सुचलेली गोष्ट.

न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, असं म्हणाला होतात तुम्ही?"

"हो," ती म्हणाली.

 मी टाइप केलेले पाच कागद त्या एका 'हो'ने गेले असं वाटलं.

"मग आज हरकत कसली आहे?"

तिने पदर खांद्यावरून पुढे घेतला.  वकिलाने फाइल मिटायला घेतली. मग ती म्हणाली, "साहेब, त्यांना त्यात दोरासुद्धा ओवता येत नाही."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. साहेबांनी तिकडे पाहिलं, हसू थांबलं. "दोऱ्याचं विचारलं नाही. मशीन कोणाचं आहे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं, पण मी तिकडेच पाहत राहिले.

"माझं," ती म्हणाली.

"ऐकू आलं नाही."

"माझं आहे. सासूबाईंनी मला दिलं. नाव त्यांचं घातलं, पण दिलं मला. दहा वर्षं मी चालवते. माझं आहे."

एकदा निघाल्यावर तीन वेळा म्हणाली. साहेबांनी दोनदाच लिहून घेतलं असेल.

रुबीनाने सांगितलं की कपडे स्वप्नाली घेते, शिवते आणि पैसेही तिच्याच हातात देतो आम्ही. नवऱ्याला तिने आजवर पाहिलेलं नाही. मग साहेबांनी मोकलला बोलावलं. बाई जप्तीच्या वेळी काय म्हणाल्या? खरं सांगायचं तर ती जे म्हणाली ते आमच्या विरुद्ध होतं, आणि मोकल खोटं बोलणारा माणूस नाही. मी तयारी ठेवली.

"मशीन त्यांचं म्हणाल्या, साहेब. मी तसं लिहिलं." पुढे म्हणाला, "पण त्या सगळ्यालाच त्यांचं म्हणत होत्या. दोरीवर लुगडी वाळत होती. ही कोणाची म्हटलं, तर तीही त्यांचीच म्हणाल्या. ती मी लिहिली न्हाईत. तो माणूस लुगडी नेसत असेल असं मला वाटलं न्हाय."

साहेबांनी रुमाल काढून चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. शेठच्या वकिलाने विचारलं, मग साड्यांप्रमाणे मशीनही का नाही सोडलं? मोकल म्हणाला, "मशीन तो चालवू शकला असता. म्हणून लिहिलं. निवाडा करणं माझं काम न्हाय, साहेबांचं हाय."

हरकत मंजूर. मशीन जप्तीतून मोकळं. कपाट, टीव्ही आणि पंख्याचा लिलाव उद्या ठरल्याप्रमाणे होईल, त्याबद्दल कोणी ब्र काढला नाही.

बाहेर आल्यावर मी स्वप्नालीला दंडाला धरून नेलं. चहावाल्याकडे बसवलं. रुबीना तिला काही विचारत होती, ती उत्तर देत राहिली, आणि मग अचानक म्हणाली, "माझा चहा थंड झाला." मी दुसरा मागवला. एवढी वर्षं तिच्या तोंडून 'चहा थंड झाला' इतकंच ऐकलं होतं. तू ऐकलं असतंस तर बरं झालं असतं.

ईश्वर पाठीमागून आला. मला वाटलं आता भांडण. तो स्वप्नालीला म्हणाला, "फॉल-बीडिंग का क्या लेती हो? घर में चार साडी पडी है." तिने भाव सांगितला. तो म्हणाला, जादा है. ती म्हणाली, "तो दुसरीकडे द्या." मराठी-हिंदी मिसळून, पण ठाम. त्याने साड्या द्यायचं कबूल केलं. पैसे आधी घ्यायचे असं मी तिला सांगणार होते. तिने आधीच सांगितलं होतं.

शेठचा निरोपही त्यानेच दिला: नऊ ऑक्टोबरच्या तारखेला तू स्वतः उभा राहिलास आणि हप्ते बांधून घेतलेस, तर अटकेचा अर्ज ते करणार नाहीत. मी त्याच्याकडून हे वकिलासमोर वदवून घेतलं.

मृणालिनी


सिल्व्हर पार्क
२३ सप्टेंबर

चि. पराग,

तुझं पाकीट तेराला मिळालं. मशीन माझ्या पत्नीचं आहे, त्यावर माझा हक्क नाही, सही, तारीख. निकाल अकराला लागला होता. उशीर झाला, पण आलं. मी ते फाइलला लावलं आहे. स्वप्नालीने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "इथे 'पत्नी'च्या जागी नाव लिहायला काय झालं होतं?" मलाही तेच वाटलं, पण मी म्हटलं नाही.

खाली पेन्सिलीने लिहिलंस, 'ताई, येऊ का?' माझी परवानगी कशाला? मी तुला जा म्हटलं नव्हतं.

मशीनचं सील मोकलने येऊन काढलं. वाटेत होतो म्हणाला. ठाण्याहून मीरा रोड कोणत्या वाटेत लागतं ते मी विचारलं नाही. या वेळी बसून चहा घेतला. म्हणाला, बाई, दर ठिकाणी तुमच्यासारखं कोणी खुर्ची टाकून बसलं तर माझी नोकरी जाईल. मी म्हटलं, दर ठिकाणी तुम्ही खरं बोललात तर आधी शेठ लोकांची जाईल. संजनाने त्याला मोदक दिला, तो त्याने रुमालात बांधून नेला.

गौरींच्या आधी सगळे ब्लाउज गेले. शेवटचा रुबीनाच्या शेजारणीचा होता, तिच्याकडे गौरी नसतात, पण तिला आपलाही त्याच दिवशी हवा होता. हातमशीनं मालकिणींकडे परत गेली. रुबीनाच्या सासूने आपलं माळ्यावर टाकलं नाही, तीच उशांच्या खोळी शिवते आहे. पायमशीन दिपेशने हातगाडीवरून गोडदेवला नेलं. मी बरोबर चालत गेले, रस्त्यात खड्डे फार आहेत म्हणून. माझ्या बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी जागा मोकळी दिसते. तिथे काय ठेवावं ते ठरलेलं नाही.

मशीनवरची पितळी पट्टी स्वप्नालीने काढून घेतली. भांड्यांवर नावं घालणारा भाईंदरला बसतो, त्याच्याकडे नवी पट्टी दिली. तो म्हणाला, मिस्टरांचं नाव सांगा. ती म्हणाली, माझं घाला. आडनाव? नुसतं स्वप्नाली. तो म्हणाला, अक्षरं कमी आहेत, मोठी घालतो. छान घातलीत.

नऊ तारखेची आठवण करून देते. कोर्टाच्या दारातल्या चहावाल्याचा चहा बरा असतो. गोडदेवात एका गाळ्यावर पॉलिशचं काम बघणारा माणूस हवा आहे, मालकाने दिपेशला विचारलं आहे. पगार कमी आहे. हप्ता त्यातून निघेल, बाकी काही निघणार नाही. घर चालतं आहे.

दिपेश उद्या वापीला येतो आहे. त्याच्याकडे दिलेलं खाली लिहिलं आहे. तपासून घे.

दिलेल्या वस्तू:

शर्ट, फिकट निळा, एक. स्वप्नालीने वर लिहिलेल्या मशीनवर शिवला. माप तुझ्या जुन्या शर्टावरून घेतलं. बारीक झाला असशील तर इथे येऊन टीप आत घालून घ्यावी.

पितळी पट्टी, नाव पराग गजानन कर्णिक, एक, स्क्रूसह. आईने घातलेलं नाव आहे, मोडीत देऊ नये.

गोडदेवच्या घराची किल्ली, एक. नवीन करून घेतली. कुलूप तेच आहे.

देणार: मृणालिनी गजानन कर्णिक
साक्षीदार: स्वप्नाली
घेणार: (सही इथे येऊन करावी. सूर्यास्तानंतर आलास तरी चालेल.)